माहितीपटाचा छायालेखक आणि स्वतंत्र चित्रफीत-निर्माता

कथापटात प्रसंग कॅमेऱ्यासाठी घडवून आणला जातो. माहितीपटात प्रसंग आपल्या गतीने घडत असतो आणि कॅमेऱ्याला तेथे वेळेवर पोहोचावे लागते. या एका फरकातून माहितीपटाच्या छायालेखकाचा सारा व्यवसाय आकाराला आला आहे. त्याला पुन्हा एकदा करून दाखवा, असे कोणाला सांगता येत नाही. प्रकाश हवा तसा मिळत नाही, आवाज हवा तेव्हा थांबत नाही आणि समोरचा माणूस नट नसल्याने त्याच्या मनाची तयारी होईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यातही जो छायालेखक स्वतःच निर्माता असतो, त्याच्या अंगावर चित्रीकरणाबरोबरच परवानग्या, पैसा, करार, संकलन, वितरण आणि जतन एवढी सगळी कामे येतात.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात असलेले हिंजवडी हे या व्यवसायाची दोन्ही टोके एकत्र पाहण्याचे ठिकाण आहे. भाताच्या खाचरांचे हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बदलू लागले. शेजारच्या माण, मारुंजी, वाकड या गावांचेही रूप पालटले. काचेच्या इमारती, कंपन्यांचे परिसर, गृहसंकुले आणि सकाळ-संध्याकाळची वाहतूक कोंडी ही हिंजवडीची नवी ओळख ठरली. कंपन्यांना परिचयपट, प्रशिक्षणपट, कार्यक्रमांचे चित्रीकरण लागते. त्यातून स्वतंत्र निर्मात्याचा चरितार्थ चालतो. त्याच गावात जमीन, पाणी, स्थलांतर आणि जुन्या गावगाड्याचे विषय माहितीपटाची वाट पाहत असतात. त्यांना पैसे देणारा मात्र सहसा कोणी नसतो.

सावेदादांपासूनची परंपरा

महाराष्ट्रात या व्यवसायाचा आरंभ कथापटाच्याही आधी झाला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी त्यानंतर लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे झालेली कुस्ती चित्रित केली. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लरचा मान मिळवून १९०१ मध्ये परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचे त्यांनी केलेले चित्रण भारतातील पहिला वार्तापट मानला जातो. १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रीकरण केले. कॅमेरा स्वतःचा, विषयाची निवड स्वतःची आणि खेळ दाखवण्याची व्यवस्थाही स्वतःचीच, हे पाहता सावेदादा हे आजच्या स्वतंत्र चित्रफीत-निर्मात्याचे पूर्वज ठरतात. दादासाहेब फाळके यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी कुंडीतील रोपाची वाढ दिवसांमागून दिवस टिपून एक लहानसा पट तयार केला होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि माहितीपट हा सरकारी नोकरीचा विषय बनला. तेथील छायालेखक देशभर हिंडले. त्यांनी टिपलेली धरणे, पूर, निवडणुका, कारागीर आणि कलावंत चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. १९९० पासून याच संस्थेच्या पुढाकाराने मुंबईत माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले.

पुण्याचा वाटा वेगळ्या प्रकारचा आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या आवारात १९६० मध्ये चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली, जी आज एफटीआयआय म्हणून ओळखली जाते. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच उभे राहिले. १९७४ मध्ये दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारा विभागही दिल्लीहून एफटीआयआयच्या आवारात आला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर प्रसारित होऊ लागले. त्यांसाठी पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रात कार्यक्रम तयार होत. त्यामुळे कॅमेरा हाताळणारे, ध्वनी मुद्रित करणारे आणि संकलन जाणणारे कुशल हात या शहरात कायम उपलब्ध राहिले.

याच शहरात समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे यांनी १९८५ मध्ये ‘बाई’ हा झोपडपट्टीतील स्त्रीच्या जगण्यावरचा लघुपट केला. संशोधनाचे निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचावेत, ही त्यामागची प्रेरणा होती. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे नाट्यकर्मी अतुल पेठे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांच्या जीवनावर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला. या दोघांपैकी कोणीही चित्रपटसृष्टीच्या दारातून या माध्यमात आले नव्हते. विषयाशी असलेले नाते त्यांना कॅमेऱ्यापर्यंत घेऊन आले.

कॅमेऱ्याने घडवलेले स्वातंत्र्य

सोळा मिलिमीटर फिल्मच्या काळात चारशे फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपत असे. फिल्म महाग, प्रक्रियेसाठी प्रयोगशाळा आवश्यक आणि काय टिपले गेले ते दिसायला काही दिवस लागत. त्यामुळे छायालेखक बटण दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करी. व्हिडिओ आला तसे हे गणित बदलले. १९९५ च्या सुमारास आलेल्या मिनीडीव्ही फितीवर तासभराचे चित्रण मावू लागले आणि ते थेट संगणकात उतरवता येऊ लागले. २००० नंतर हाती मावणारे सोनी पीडी-१५० आणि पीडी-१७० हे कॅमेरे माहितीपटकारांचे आवडते साधन ठरले. २००८ मध्ये कॅनन फाइव्ह-डी मार्क-टू या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यात उच्च दर्जाचे चलच्चित्र टिपण्याची सोय आली आणि कमी उजेडातही काम करणे शक्य झाले.

स्वस्त कॅमेऱ्याने काय घडू शकते याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मालेगावचे आहे. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट व्हिडिओवर तयार केला आणि स्थानिक व्हिडिओ पार्लरमध्ये तो लोकप्रिय झाला. पुढे फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने या स्थानिक उद्योगाची कहाणी जगापुढे आणली. स्वतःच्या गावात, स्वतःच्या प्रेक्षकांसाठी, स्वतःच्या खर्चाने चित्रपट करता येतो, हे मालेगावने दाखवले.

तथापि, कॅमेरा स्वस्त झाला म्हणून माहितीपट स्वस्त होत नाही. चित्रण भरमसाट होऊ लागल्याने ते पाहणे, त्याची नोंद करणे आणि त्यातून निवड करणे हे काम वाढले. अर्ध्या तासाच्या माहितीपटासाठी वीस-तीस तासांचे चित्रण जमणे आता नवलाचे राहिलेले नाही. हा खर्च पैशाचा कमी आणि आयुष्यातील दिवसांचा अधिक असतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जयभीम कॉम्रेड’ याचे मोठे उदाहरण आहे. मुंबईच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला आणि त्या व्यथेने शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. तेथून सुरू झालेले चित्रीकरण २०११ मध्ये, चौदा वर्षांनी, माहितीपट म्हणून पूर्ण झाले.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप

माहितीपटाचे काम कॅमेऱ्याशिवाय सुरू होते. विषयाची माहिती, माणसांच्या भेटी, जागेची पाहणी आणि प्रकाशाचा अंदाज या गोष्टी आधी कराव्या लागतात. हिंजवडी आणि वाकडचे ग्रामदैवत असलेल्या म्हातोबाच्या चैत्रातील यात्रेचे उदाहरण घेता येईल. बगाड निघते तेव्हा गर्दी प्रचंड असते, ऊन डोक्यावर असते आणि गुलालाची धूळ कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते. बगाडाला लागणारा गळकरी, मानकरी आणि गावची ज्येष्ठ मंडळी यांच्याशी आधी बोलणे झालेले नसेल, तर मोक्याच्या जागी उभे राहणेच अशक्य होते. वर्षातून एकदा घडणारा हा प्रसंग हुकला की पुढील चैत्राची वाट पाहावी लागते.

चित्रणात कॅमेरा स्थिर ठेवणे, प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद धरणे, एकाच कृतीची दूरची, मधली आणि जवळची अशी तिन्ही दृश्ये घेणे, बोलणाऱ्याच्या हातांची आणि भोवतालच्या वस्तूंची स्वतंत्र दृश्ये टिपणे, हे नियम साधे वाटले तरी संकलकाच्या टेबलावर त्यांचे मोल कळते. मुलाखत संपल्यावर त्या जागेचा मिनिटभराचा शांत आवाज मुद्रित करून ठेवावा लागतो. तो नसेल तर संकलनात जोडलेली वाक्ये कानाला तुटक लागतात. नवशिक्यांचे लक्ष चित्रावर असते आणि प्रेक्षक मात्र खराब चित्र सहन करतो, खराब आवाज सहन करत नाही. वातानुकूलन यंत्राची घरघर, जनरेटर आणि रस्त्यावरचे हॉर्न हे हिंजवडीतील ध्वनिमुद्रकाचे नित्याचे शत्रू आहेत.

कार्यालयांतील चित्रीकरणाच्या अडचणी निराळ्या असतात. भारतातील वीजपुरवठा पन्नास हर्ट्झचा असल्याने अनेक ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होतात. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. म्हणून सेकंदाला पंचवीस चौकटी आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवण्याची पद्धत आहे. काचेच्या भिंतीतून येणारा निळसर सूर्यप्रकाश आणि छतावरच्या दिव्यांचा पिवळसर उजेड एकत्र आले की माणसाच्या चेहऱ्याचा रंग बिघडतो; तेव्हा पडदे ओढून किंवा दिवे बंद करून एकच प्रकाश निवडावा लागतो. त्याशिवाय प्रवेशद्वारावर प्रत्येक उपकरणाची क्रमांकासह नोंद होते, गोपनीयता करारावर सही घेतली जाते आणि चित्रणात ग्राहकाची माहिती दिसू नये म्हणून फळे पुसून संगणकांचे पडदे बंद करावे लागतात. या साऱ्यात जाणारा वेळ अंदाजपत्रकात धरला नाही, तर दोन दिवसांचे काम एका दिवसाच्या मोबदल्यात करण्याची पाळी येते.

हवाई दृश्यांचा मोह अलीकडे सर्वत्र दिसतो. ड्रोन नियम, २०२१ नुसार अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून मोठा ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा असल्यास ते आवश्यक आहे. आकाशाची विभागणी हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत केलेली असते. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणेची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. लोहगावचा हवाई दलाचा तळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि देहूरोडचे लष्करी क्षेत्र यांमुळे पुणे परिसरात हा नकाशा प्रत्येक वेळी नव्याने तपासणे हिताचे ठरते.

मोबदला, करार आणि हक्क

स्वतंत्र निर्मात्यांची बहुतेक दुःखे कॅमेऱ्याशी संबंधित नसतात, कागदाशी असतात. तोंडी ठरलेले काम, मुदतीनंतरही न मिळालेली रक्कम, मागाहून सुचवलेले असंख्य बदल आणि पूर्ण झालेल्या कामावर कोणाचा हक्क याविषयीचा संभ्रम, हे या क्षेत्रातील नेहमीचे अनुभव आहेत.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता त्याचा निर्माता असतो, छायालेखक नव्हे. शिवाय कलम १७ अन्वये कोणी मोबदला देऊन चित्रपट करवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे कंपनीसाठी केलेल्या परिचयपटात वापरले गेलेले गावाचे, रस्त्याचे किंवा शेताचे दृश्य छायालेखकाला पुढे स्वतःच्या माहितीपटात वापरायचे असेल, तर तो हक्क करारात आधीच लिहून घ्यावा लागतो. न वापरलेले चित्रण कोणाचे, हेही स्वतंत्रपणे नमूद करावे लागते. हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. प्रकाशनानंतर चित्रपटाचा हक्क साठ वर्षे टिकतो. एवढ्या दीर्घ काळाचा निर्णय अनेकदा चहाच्या टपरीवर, एका वाक्यात झालेला असतो.

थकलेल्या रकमेबाबत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ उपयोगी पडतो. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी फार तर पंचेचाळीस दिवसांत देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. त्यानंतर चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. एकट्याने काम करणारा छायालेखकही ही नोंदणी करू शकतो. व्यवहारात तीन हप्त्यांची पद्धत रूढ आहे : कामाच्या आधी एक हप्ता, चित्रीकरणानंतर दुसरा आणि अंतिम प्रत देण्यापूर्वी तिसरा. किती वेळा बदल करून दिले जातील, हा आकडाही अंदाजपत्रकात लिहिणे शहाणपणाचे असते.

चित्रपटगृहात माहितीपट दाखवायचा असल्यास सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते. या अटीशी माहितीपटकारांचा संघर्ष जुना आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरील माहितीपटामुळे उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७० च्या त्या निकालात पूर्वपरीक्षण वैध ठरवताना त्याला निकषांची चौकट असावी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २००४ मध्ये मुंबईच्या महोत्सवात भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घालण्यात आली, तेव्हा माहितीपटकारांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. स्वतंत्र निर्मात्यांना एकमेकांची गरज असते, हे त्या निमित्ताने दिसून आले.

कायद्यापलीकडे एक नैतिक बाजूही आहे. ज्याचे चित्रण झाले, त्याची संमती लेखी किंवा निदान कॅमेऱ्यासमोर बोललेली असावी आणि चित्रण कोठे दाखवले जाणार हे त्याला त्याच्या भाषेत सांगितलेले असावे. गुन्ह्याच्या किंवा संरक्षणाच्या प्रकरणांत सापडलेली लहान मुले आणि लैंगिक अत्याचारांच्या पीडित व्यक्ती यांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. जमिनीचा वाद असलेल्या गावात केलेले एखादे वाक्य बोलणाऱ्याला महागात पडू शकते. छायालेखक संध्याकाळी शहरात परततो. बोलणारा त्याच गावात राहणार असतो.

फितींचा प्रश्न

या सर्वांपेक्षा निकडीचा प्रश्न जतनाचा आहे. एफटीआयआयच्या आवारात ठेवलेली चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळे जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाली. ती बातमी ठरली, त्यावर हळहळ व्यक्त झाली. व्हिडिओच्या फिती मात्र आवाज न करता नष्ट होतात. हिंजवडीत खाचरे जाऊन इमारती उभ्या राहत होत्या, ते दशक मिनीडीव्ही फितींचे दशक होते. त्या काळातील चित्रण ज्या छायालेखकांनी केले, त्यांच्यापैकी अनेकांच्या कपाटांत त्या फिती असण्याची शक्यता आहे. चुंबकीय फितीला दमट हवा आणि बुरशी बाधते. त्या वाचणारे कॅमेरे आणि यंत्रे आता तयार होत नाहीत आणि त्यांना जोडणारी फायरवायरची सोय नव्या संगणकांत उरलेली नाही. फीत शाबूत असूनही ती पाहता येऊ नये, अशी वेळ फार दूर नाही.

एका तासाच्या मिनीडीव्ही फितीतील मजकूर सुमारे तेरा गिगाबाइट जागा व्यापतो. पन्नास फितींचा संग्रह आजच्या एका साध्या हार्डडिस्कवर सहज मावतो. अडचण जागेची नसून चालू स्थितीतील यंत्र मिळवण्याची आणि प्रत्येक फीत तिच्याच वेगाने, तासाला तास देऊन उतरवण्याची आहे. त्यानंतर तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. प्रत्येक फाइलला तारीख, गाव, व्यक्ती आणि प्रसंग यांची नोंद जोडली नाही, तर काही वर्षांनी ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

कंपनीच्या परिचयपटांची गरज कंपनीचे बोधचिन्ह बदलले की संपते. त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्याने, जाता जाता टिपलेल्या शेताच्या बांधाची, जुन्या वाड्याच्या ओसरीची किंवा आंबेमोहोराच्या लावणीची किंमत दरवर्षी वाढत जाते. मुळशी तालुक्यात १९२१ ते १९२४ या काळात धरणासाठी जाणाऱ्या जमिनींविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या लढ्याची स्मृती आज प्रामुख्याने लिखित साधनांच्या आधारे जागवावी लागते. हिंजवडीच्या पिढीला चलच्चित्रांचा पुरावा उपलब्ध होता. तो टिकवायचा असेल, तर हक्क करारात लिहून घेणे, माणसांची संमती जपणे आणि कपाटातील फिती वेळेत उतरवून घेणे ही तीन कामे स्वतंत्र निर्मात्याला स्वतःच करावी लागतील.